दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर

ताई, दोन वर्षे पूर्ण होऊनही तुमचा मुलगा दोन शब्द जोडून बोलत नसेल आणि हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर विसंबून थांबू नका. आधी बेरा ही श्रवणचाचणी करून घ्या, कारण कमी ऐकू येणे आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांची काही लक्षणे या वयात सारखीच दिसतात. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, बालरोग विभागात दाखवता येते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही तपासणीसाठी येते. निदान पक्के होईपर्यंत वाणी-उपचार लांबवू नयेत, हे मी फार कळकळीने सांगते. लसींमुळे स्वमग्नता होत नाही, तेव्हा उरलेले लसीकरणही वेळेवर पूर्ण करा.