टर्बो बसवायचाय? आधी इंजिनाची तब्येत बघ

मित्रा, रोजच्या पेट्रोल गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवायची हौस अगदी योग्य आहे. फक्त पैसे टर्बोवर संपवू नकोस. नवख्यांची पहिली चूक तीच. स्वस्तातला टर्बो आणला जातो आणि ट्यूनिंगला, म्हणजे इंजिन त्याच्याशी जुळवून घ्यायला, पैसे उरत नाहीत.

सुरुवातीला एवढंच कर:

- कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर आधी इंजिनाचं काम.
- वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. ते कमी पडलं की पिस्टन वितळतो.
- बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, 5-6 पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर नको. आपल्या साध्या पेट्रोल गाड्यांचा कॉम्प्रेशन रेशो आधीच 10-11 असतो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण तेवढ्या पट दाबलं जातं; वर जास्त बूस्ट दिला तर ते अवेळी पेटतं.

चढावर डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला की मिश्रण अवेळी पेटतंय समज आणि लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. माझा एक पिस्टन त्या आवाजाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच गेला.

टर्बोतून परतणारा ऑइल पाइप जाड आणि सरळ खाली उतरता हवा. तो दुमडला तर सीलमधून ऑइल गळून निळा धूर येतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मात्र आधी वाच. परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, विम्याचा क्लेमही अडकू शकतो. रोज ऑफिसला याच गाडीने जायचंय ना? मग हे आरटीओत आधी विचारून घे. इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा), पिस्टन वगैरे नंतर बोलू.