'काम करता का?' असं विचारू नकोस

प्रिय मुली,

रोजगार पाहणीच्या कामाला लागलीस, छान झालं. देवकी जैन कुठून वाचू, असं विचारलं आहेस. पद्मभूषण वगैरे सध्या बाजूला ठेव. 1933 साली म्हैसूरला जन्म, वडील संस्थानात मंत्री, ऑक्सफर्डचं शिक्षण, मग दिल्लीच्या मिरांडा हाऊसमध्ये अर्थशास्त्राची प्राध्यापकी. एवढ्यावर आयुष्य आरामात निघालं असतं. 1969 मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं, आणि तुझ्या कामाचं जे आहे ते बहुतेक त्यानंतरचं.

सत्तरच्या दशकात त्यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही खेड्यांत कोण दिवसभर काय करतं, त्याला किती वेळ लागतो, याची नोंद करवली. त्याआधी मोजणीदार विचारायचा, "काम करता का?" बाई सांगायची, "नाही, घरीच असते." झालं, ती बिनकामाची. पहाटेपासून निजेपर्यंतचा हिशेब मांडल्यावर चारा, सरपण, गुरांचं दाणापाणी, मळणी, सगळं कागदावर आलं.

तुझ्या टॅबवर 92 आणि 93 हे कोड येतील. 92 म्हणजे फक्त घरकाम. 93 म्हणजे घरकाम सांभाळून सरपण-चारा गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणटिपण वगैरे. दोन्हींतल्या बायका श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे काम करणाऱ्यांत किंवा काम शोधणाऱ्यांत धरल्याच जात नाहीत. भर दुपारी, पाचसहा घरं झाल्यावर, बोट आपसूक 92 वर जातं. तिथे थांब. "आज उठल्यावर आधी काय केलंत?" असं विचार, आणि मग नुसतं "मग?" म्हणत राहा. म्हशीची धार कोण काढतं? दुधाचं बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं? नवरा शेजारी बसून उत्तरं देत असेल तर त्याच्याकडे पाणी माग. तो उठेलच असं नाही, पण तिला बोलायला फट मिळते. प्रश्नावली बदलायचा अधिकार तुला नाही. खोदून विचारायचा आहे, आणि शेऱ्याचा रकानाही आहे.

आपल्या रोजगार हमीवरच्या बायकांचाही त्यांनी 1979 मध्ये अभ्यास केला. तो शोधून वाचच. दुष्काळानंतर इथल्या बायका बंडिंगवर, पाझर तलावांवर, खडी फोडायला एवढ्या संख्येने का आल्या? काम गावाजवळ होतं, ओळखपाळख लागत नव्हती, आणि मापाला बाई-पुरुष दर एकच होता. पण खणणारा पुरुष आणि पाट्या वाहणारी बाई अशी जोडी लागली की माप जोडीचं आणि पैसे बहुधा त्याच्या हातात. कायद्यात पाळणाघराची सोय होती. मी पाहिलेल्या कामांवर पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी. म्हणून मस्टरवर बायकांची नावं किती, एवढंच टिपून परत येऊ नकोस. पगारवाटपाच्या दिवशी तिथे जा.

1980 च्या पुस्तकात त्यांनी खेड्याच्या दूधवाल्या आणि आपल्या लिज्जतच्या बायका घेतल्या. हे 'खेडा' म्हणजे गुजरातचा जिल्हा, गाव नव्हे (माझे विद्यार्थी दरवर्षी इथे घसरतात). लिज्जतचं मला कौतुक आहेच. 1959 मध्ये गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम आहे ते. तरी पीठ घरी नेऊन पापड लाटायचे, यात चूल आणि मुलं तिच्याकडेच राहतात, हे मला खटकतं. तुला नाही खटकलं तर कारणासकट लिही.

आकडा हवा असेल तर 2019 ची सरकारी वेळ-वापर पाहणी बघ: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. हा सगळ्या देशाचा आकडा आहे. तो पाठ करून गावात जाऊ नकोस, नाहीतर समोरची बाई काहीही सांगो, तुला 299 च ऐकू येईल.

पहिल्या गावाच्या नोंदी झाल्या की मला पाठव. नीटनेटक्या करायच्या आधीच्या, शेऱ्यांसकट.

तुझी,
बाई