अमेरिकेत पोलिसांनी ट्रक थांबवला तर झडतीला नाही म्हणता येतं का?

हो, येतं. थांबायला नाही म्हणता येत नाही, पण झडतीला येतं. पेपर बघून झाले की "जरा मागे बघू का?" असं अगदी गप्पा मारल्यासारखं विचारतात आणि ड्रायव्हर घाबरून हो म्हणतो, तिथेच फसतं, कारण हो म्हटलं की वॉरंट, संशय कशाचीच गरज उरत नाही. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून शांतपणे "माझी संमती नाही" एवढंच म्हणा, वाद नको. ड्रग्ज हुंगणारा कुत्रा येईपर्यंत अडकवून ठेवणंही चालत नाही, 2015 च्या रॉड्रिग्ज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ठोस संशय नसेल तर चलनाचं काम संपलं की सोडायचं, तिथे प्रश्न जेमतेम 7-8 मिनिटांचा होता! लॉगबुक, ब्रेक वगैरे सेफ्टी तपासणी मात्र वेगळी, ती करू द्यावी लागते.

मला खरी चीड येते सुप्रीम कोर्टाच्याच 1996 च्या व्रेन निकालाची. इंडिकेटर दिला नाही एवढं कारण खरं असलं की पुरे, पोलिसाच्या मनात तुमचा रंग किंवा पगडी होती का हे चौथ्या दुरुस्तीखाली (म्हणजे अमेरिकन राज्यघटनेतला अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारा भाग) कोर्ट बघतच नाही. भेदभावाची तक्रार घटनेतल्याच समान संरक्षणाच्या कलमाखाली करता येते पण सिद्ध करणं फार अवघड, म्हणून वेळ, जागा, बॅज नंबर लगेच लिहून ठेवा आणि डॅशकॅमचं रेकॉर्डिंग पुसू देऊ नका.