नातवाच्या स्टेम सेलसाठी पोस्टातले नऊ लाख मोडू का?

प्रश्न : मी ६७ वर्षांची, खासगी शाळेतून निवृत्त, पेन्शन नाही. पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत ९ लाख आहेत, अडीच वर्षं झाली. बँकेत ३ लाखांची एफडी आणि पाच तोळ्यांच्या पाटल्या. नातू सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मला, ९४० ग्रॅमचा. ७४ दिवस काचेत होता. आता पाच महिन्यांचा आहे, घरी ऑक्सिजनवर. डॉक्टर बीपीडी म्हणतात, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसांचा आजार. मशीनचं भाडं महिना ५,०००. मुलाचा पगार ३४,०००, सुनेने नोकरी सोडली. हॉस्पिटलच्या बिलासाठी काढलेल्या अडीच लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता ८,५००. एका सेंटरने स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) तीन डोस सांगितलेत, सलाइनमधून. साडेसहा लाख, ३१ तारखेच्या आत भरले तर सहा. मुलगा म्हणतो, आई, तुझे पैसे काढू. काढू का? नाही म्हटलं तर मला झोप लागायची नाही. (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर :

काकू, नका काढू. सहा लाखांना नको आणि तीन लाखांना दिले तरी नको. आता का ते सांगतो.

मी डॉक्टर नाही. पण पैसे कशासाठी जाताहेत हे न बघता नुसती व्याजाची बेरीज करून देणं मला जमत नाही, म्हणून तुम्ही पाठवलेला सेंटरचा कागद नीट वाचला. पहिल्या पानावर हसरं बाळ, आत डोसांचा तक्ता, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन वाक्यं : ‘निकालाची हमी नाही’ आणि ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’. मुलाला आधी ते शेवटचं पान वाचायला लावा.

स्टेम सेलचं संशोधन खोटं नाही, हे आधी म्हणतो. दक्षिण कोरियात सोलमधल्या सॅमसंग मेडिकल सेंटरने नाळेच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देऊन बघितल्या. २०१४ मध्ये पहिल्या नऊ बाळांचा अहवाल आला, पेशी बाळांना सोसल्या एवढं त्यातून कळलं. मग ६६ बाळांवर मोठी चाचणी झाली, निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नाही. २०२१ मध्ये तिचा निकाल छापून आला : मृत्यू किंवा मध्यम-तीव्र बीपीडी, या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या अगदी इवल्या बाळांत तीव्र आजार कमी झाल्याची खूण दिसली, तीही पुन्हा तपासायची म्हणून. कॅनडात ओटावालाही काम चालू आहे.

आता मुद्द्याचं. त्या बाळांचं वय पाच ते चौदा दिवस होतं. व्हेंटिलेटरवर होती, आणि पेशी थेट श्वासनलिकेत सोडल्या होत्या, एकदाच. तुमचा नातू पाच महिन्यांचा, आणि त्याला देणार सलाइनमधून, तीनदा. म्हणजे सेंटरवाले कोरियाचं नाव सांगून जे विकताहेत ते कोरियात झालेलंच नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांत होणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल देणं हे संशोधनच धरतात. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते ‘उपचार’ म्हणून देता येत नाही. आणि चाचणी खरी असली की खर्च ती करवणाऱ्याचा असतो, बाळाला काही झालं तर उपचार आणि भरपाईही त्याच्याच अंगावर येते. म्हणून सेंटरला एकच विचारा : सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? क्रमांक दिला तर पैसे कसले मागता? नाही दिला तर विषय संपला. महिनाअखेरचं डिस्काउंट साडीच्या दुकानात शोभतं, बाळाच्या फुप्फुसाला नाही.

विम्याचंही ऐका. आरोग्य विम्यात सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या यादीत स्टेम सेल आहे, पण ते रक्ताच्या आजारांतल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरतंच. ‘क्लेम करून देऊ’ असं कोणी तोंडी म्हणालं तर लेखी मागा.

तुमच्या मुलाने म्हणे तीन व्हिडिओ दाखवले, बाळं डोस घेऊन ऑक्सिजनवरून सुटलेली. सुटली असतील, मी खोटं म्हणत नाही. पण या आजारात बाळ वाढतं तसं फुप्फुसही वाढतं, नवे वायुकोश तयार होतात, आणि बऱ्याच बाळांचा घरचा ऑक्सिजन वर्ष-दोन वर्षांत आपसूक सुटतो. मधे कोणी सहा लाख घेतले असतील तर श्रेय त्याला जातं. माझ्याकडे एका अशीलाने वेगळ्या आजारासाठी असेच पैसे भरले होते, रिक्षा विकून. सहा महिन्यांनी मुलगी थोडी बरी झाली. ती डोसाने की फिजिओथेरपीने, हे आजही कोणी सांगू शकत नाही. रिक्षा मात्र गेली.

आता तुमच्या नऊ लाखांकडे येऊ. ८.२ टक्क्यांनी तुम्हाला तिमाहीला १८,४५० मिळतात, म्हणजे महिन्याला ६,१५०. या योजनेतून थोडे थोडे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यामुळे एक टक्का कापतील, ९,०००. सहा लाख सेंटरला गेले की उरतात २ लाख ९१ हजार. ते पुन्हा त्याच दराने गुंतवले तरी महिन्याला दोन हजारसुद्धा पुरते नाहीत. पेन्शन नसलेल्या बाईचं उत्पन्न एका सहीत तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मग दोन वर्षांनी तुमचा गुडघा दुखला की हात मुलापुढेच पसरायचा, ज्याच्या डोक्यावर आधीच हप्ता आहे.

उलट बाजू बघा. ते ६,१५० आज कुठे लागताहेत? मशीनचं भाडं ५,०००. पाच लिटरचं ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) साडेतीनशे वॉटपर्यंत वीज ओढतं, बाळाला पाव लिटरच लागत असला तरी. चोवीस तास चाललं की दिवसाला आठ युनिट, महिन्याला अडीचशे. तुमचं घर आधी शंभर-सव्वाशे युनिटांत असेल तर आता तीनशेच्या वरच्या स्लॅबमध्ये जाणार. बिल बघून दचकू नका, ते चुकीचं नसेल. त्या मशीनचा श्वास तुमच्या व्याजावर चाललाय, काकू. ‘मी नातवासाठी काही केलं नाही’ असं मनात येईल तेव्हा हा हिशोब काढून बघा.

३ लाखांची एफडी हाच बाळाचा फंड. एक लाख बचत खात्यात काढून ठेवा, बाकीचे पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत, म्हणजे गरजेला सगळी एफडी मोडायला नको. पर्सनल लोन चौदा टक्क्यांच्या आसपास असणार, एफडी सात. कुठलाही सल्लागार म्हणेल आधी लोन फेडा. एरवी मीही म्हणतो. पण बीपीडीच्या बाळाला पहिल्या वर्षात साध्या सर्दीनेही पुन्हा ॲडमिट करावं लागण्याची शक्यता बरीच असते, आणि रात्री दोन वाजता काउंटरवर डिपॉझिट मागतात तेव्हा ‘लोन फेडलं’ हे उत्तर चालत नाही. दोन लाखांवर वर्षाला १४,००० जास्त जातील. जाऊ द्यात. बाळ ऑक्सिजनवरून सुटलं की पहिलं काम लोनचं.

खर्च करायचाच तर इथे करा. बाळाच्या पायाला लागणारा प्रोब असलेलं चांगलं ऑक्सिमीटर. कोविडात घेतलेली बोटाची चिमटी त्याच्या तळव्याला धड बसत नाही आणि आकडा भलताच दाखवते. लाइट गेली तर एक भरलेला सिलिंडर. सहा महिने पूर्ण झाले की फ्लूची लस, दोन डोस, आणि घरातल्या मोठ्यांनाही. डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर आजच फोन करा. आणि देवघर त्याच खोलीत असेल तर समई-उदबत्ती दुसरीकडे हलवा. ऑक्सिजनजवळ ज्योत नको आणि धूर तर नकोच. याला पैसे पडत नाहीत.

मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळाचं नाव चढलंय का, हे एचआरकडून लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पुढच्या ॲडमिशनच्या आधीच योजनेत असलेलं जवळचं (अंगीकृत) रुग्णालय कुठलं ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून ठेवा, ऐन वेळी कागद शोधत बसू नका. जिल्हा रुग्णालयातल्या बाळांच्या विकासाची तपासणी करणाऱ्या केंद्रात (डीईआयसी) अशा बाळांची वाढ मोफत तपासतात, तिकडे सुनेला एकदा घेऊन जा. पाटल्यांना शेवटपर्यंत हात लावू नका. लागल्याच तर गहाण, मोड नाही.

मुलावर रागावू नका. अडीच महिने काचेबाहेर उभा राहिलेला बाप आहे तो, त्याला काहीतरी करायचंय. त्याला हे पत्र वाचून दाखवण्यापेक्षा एक काम द्या. तुम्ही लिहिलंय की २८ तारखेला बाळाच्या डॉक्टरांकडे रिव्ह्यू आहे. सेंटरचा तो कागद, शेवटच्या पानासकट, त्यांच्यापुढे ठेवायला सांगा. आणि ऑक्सिजन हळूहळू कमी कधी करायचा, वजन किती वाढायला हवं, हे दोन प्रश्न त्यानेच विचारायचे आणि वहीत लिहून आणायचे. मधल्या दिवसांत सेंटरचा फोन आला तर डॉक्टरांना विचारून कळवतो, एवढंच म्हणायचं. ३१ तारीख उलटली तर उलटू द्या.