शहराबाहेरच्या एका जुन्या ऐतिहासिक घरात छोटं वेलनेस सेंटर काढायचं आहे. स्टीम आणि हॉट टब सुरुवातीपासून ठेवावेत का? खोल्या किती लागतील?

स्टीम नको. हॉट टब वरच्या मजल्यावर तर मुळीच नको.

इतकं तडकाफडकी सांगतेय, कारण हाच वाद मी माझ्या नणंदेशी घातलाय आणि आमच्याकडे चार माणसं जमली की तो अजून निघतो. आम्ही दोघींनी असंच एक घर भाड्याने घेतलं होतं. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, दिवाणखान्याच्या छताला चुन्यातली वेलबुट्टी. मालीश माझ्याकडे, हिशेब आणि जाहिरात तिच्याकडे. तिचं एकच पालुपद, "वहिनी, स्टीम नसेल तर लोक एवढ्या लांब येतील कशाला?" अहो, वाफ कुठल्याही जिममध्ये मिळते. लोक येतात ते त्या भिंतींच्या आतल्या शांततेसाठी.

हॉट टब मी आकड्यांवरच हाणून पाडला. १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो, त्यात टबाचं आणि माणसांचं वजन वेगळंच. आज नव्याने बांधलेल्या राहत्या घराचा मजलासुद्धा चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो भार धरून काढतात. दोन बाय दोन मीटरच्या टबात नुसतं पाणीच चौरस मीटरला २५० किलो भरतं. जुनी तुळई भिंतीत शिरते तिथे कुजलेली असली तर बघायलाच नको. शिवाय लिजिओनेला नावाच्या जिवाणूला २० ते ४५ अंशांचं पाणी फार मानवतं आणि टबातल्या तुषारांबरोबर तो थेट फुप्फुसात जातो. पाण्याची ती रोजची तपासणी छोट्या धंद्याला झेपत नाही.

स्टीमवर मात्र ती अडून बसली. तळमजल्यावर माझ्या शेजारची खोली घेतली, सिमेंटचा गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सगळं साग्रसंगीत. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि हळूहळू सोडते. तिचं एका बाजूने तोंड दाबलं की ओल दुसरीकडून वाट काढते. ती निघाली माझ्या मालिशीच्या खोलीत. वर्ष सरायच्या आत भिंतीला लोणा लागला, म्हणजे क्षारांची पांढरी पूड फुटली, पोपडे सुटले, मग वेलबुट्टीवर काळे डाग. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी त्याला कुजवायला लागते आणि तपासणीत आमची तुळई त्याच्या पुढे गेलेली. स्टीम बंद करावीच लागली. नणंद अजून म्हणते कंत्राटदार वाईट निघाला. त्याने काम चोख केलं होतं, म्हणून तर भिंत गुदमरली!

तिचा दुसरा मुद्दा असा की वास्तू वापरात राहिली तरच टिकते. मान्य. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही तेच म्हटलंय. पण वापरासाठी वास्तूची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये, हे लगेच पुढच्याच वाक्यात आहे. तिथपर्यंत ती कधी वाचत नाही.

तेव्हा घरात कोरडं ठेवा: मालीश, योग, प्राणायाम. दोन खोल्या पुरतात, एक कामाची, एक थांबायची. पाण्याचं काही हवंच असेल तर आवारातल्या वेगळ्या शेडमध्ये. कपडे धुणं-वाळवणंही तिकडेच. मालिशीच्या टॉवेलमध्ये धुतल्यावरही थोडं तेल उरतं आणि ड्रायरमधून काढून गरम असतानाच गठ्ठा रचला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. पसरून गार करा, मग घड्या घाला. लाकडी तुळयांच्या घरात ही गंमत नाही.

आता थोडं सबुरीने. हे सगळं दगड-चुन्याच्या घराबद्दल आहे. नंतर बांधलेला काँक्रीटचा भाग असेल तर तिथलं गणित वेगळं. ते जुन्या इमारती हाताळलेल्या इंजिनिअरला विचारा, मी मालीश करणारी बाई. घर संरक्षित यादीत असेल तर आतल्या बदलांना परवानगी लागू शकते आणि राहत्या घराचा धंद्यासाठी वापर करायची परवानगी बहुधा वेगळी असते. दोन्ही हातात आल्याशिवाय खिळाही ठोकू नका. भाडेकरारात ओलीची दुरुस्ती कोणाकडे हे स्पष्ट लिहून घ्या. आमच्या करारात ते नव्हतं. करार नणंदेने केला होता.