किलर श्रिम्पला तिचाच रोग लावला तर?

प्रश्न : मुलगी इंग्लंडात हंटिंग्डनजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना ग्राफम वॉटर हा जलाशय पाहिला. जावई तिथे शिडाची होडी चालवतात. ‘किलर श्रिम्प’ नावाचा परका जीव बाहेर पसरू नये म्हणून परतताना होडी, बूट सगळं धुऊन वाळवावं लागतं. या जीवाला मारणारा परजीवी युरोपात आहे म्हणे. मग तो इथे सोडून मोकळे का होत नाहीत? माणसाला त्याची बाधा होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचं आधी. हा परजीवी मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींच्या गटातला. माणसाला बाधणारे मायक्रोस्पोरिडिया असतात, पण त्या जाती वेगळ्या. जावईबापूंना खुशाल होडी चालवू द्या.

आता मुख्य प्रश्न. किलर श्रिम्प, म्हणजे डिकेरोगॅमॅरस व्हिलोसस, ही नावापुरती कोळंबी. खरं तर जेमतेम 3 सेंटिमीटरचा अँफिपॉड, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा छोटा कवचधारी जीव. मूळची काळा समुद्र-कास्पियन भागातली. कालव्यांतून, जहाजांबरोबर ती पश्चिमेला सरकली आणि 2010 मध्ये ग्राफमला सापडली. खाते त्याहून जास्त मारते, म्हणून हे नाव.

तिचा परजीवी कुकुमिस्पोरा डिकेरोगॅमॅरी. मायक्रोस्पोरिडिया हे बुरशीचे भाऊबंद. रेशीम उत्पादकांना रेशीमकिड्यांचा पेब्रिन ठाऊक असेल, तो रोगही याच गोतावळ्यातला. पाश्चरनी 1865 पासून त्याच्यावर कित्येक वर्षं घालवली. मायक्रोस्पोरिडियाच्या बीजाणूच्या आत एक नळी गुंडाळलेली असते. सदऱ्याची बाही उलटी करून बाहेर काढावी तशी ती झटक्यात बाहेर येते आणि बीजाणूतला ऐवज थेट यजमानाच्या, म्हणजे ज्या जीवात परजीवी राहतो त्याच्या, पेशीत सोडते. कुकुमिस्पोराचा मुक्काम मुख्यतः स्नायूंत. रोग बळावला की पारदर्शक कवचाखालचं मांस दुधी, अपारदर्शक दिसू लागतं. चिमूटभर स्नायू काचपट्टीवर चिरडला की सूक्ष्मदर्शकाखाली चकाकत्या बीजाणूंची गर्दी. ही जात आपल्याच भाईबंदांना खाते, त्यामुळे लागण पसरायला वेळ लागत नाही.

हा परजीवी यजमानाबरोबर पश्चिम युरोपपर्यंत गेला, पण ब्रिटनमधल्या किलर श्रिम्पमध्ये शोधूनही आढळला नाही. 2015 चा अभ्यास तेच सांगतो. म्हणजे ब्रिटनमध्ये ती आपला शत्रू मागे ठेवून आली. शिवाय लागण झालेली श्रिम्प शिकार कमी करते, असं 2014 च्या प्रयोगात दिसलं. तुमची कल्पना अगदीच वेडगळ नाही ती म्हणूनच.

तरीही मी त्या कल्पनेला हात लावणार नाही. हा परजीवी मुख्यतः या एका यजमानाचा असला, तरी इतर अँफिपॉडांतही सापडला आहे. आणि किलर श्रिम्पच्या चुलत बहिणीचं उदाहरण समोर आहे. डिकेरोगॅमॅरस हिमोबाफिस, म्हणजे ‘डेमन श्रिम्प’, 2012 मध्ये ब्रिटनमध्ये सापडली. तिच्यासोबत आला कुकुमिस्पोरा ऑर्नाटा. तो डेमन श्रिम्पलाही मारतो, पण प्रयोगात स्थानिक गॅमॅरस प्युलेक्सलाही लागला. गॅमॅरस म्हणजे ओढ्यातला पालापाचोळा कुरतडून साफ करणारा आणि माशांच्या पोटात जाणारा जीव. तो खचला तर कुणाला बोल लावणार? कीटकनाशक फवारणं थांबवता येतं, पाण्यात सोडलेले बीजाणू गोळा करता येत नाहीत. शिवाय हा रोग श्रिम्पचा पुरता नायनाट करतो, असंही नाही. युरोपात दोघं वर्षानुवर्षं एकत्र नांदताहेत.

तेव्हा होडी धुणं चालू ठेवा. त्यातल्या त्यात बूट आणि दोर यांच्यासाठी 45 अंशांचं गरम पाणी, 15 मिनिटं. युरोपातल्या तलावावरून आणलेलं सामान असेल तर जावईबापूंनी त्याला अजिबात सूट देऊ नये. श्रिम्प न येताही तिचा परजीवी ओल्या सामानातून येऊ शकतो.