पेठेतली जुनी भाडेकरूंची इमारत दुरुस्त करून कॉट बेसिसवर (खाटेमागे भाडं घेऊन) द्यायची आहे, सुरुवात कुठून करावी आणि खर्च किती येईल?

तुमच्या प्रश्नात भिंत आहे, रंग आहे, फर्निचर आहे, वायफायसुद्धा आहे. संडास हा शब्द एकदाही नाही. म्हणून उत्तर लिहायला बसलो.

तुम्ही दिलेली माहिती अशी: सदाशिव पेठ, १९६१च्या पानशेत पुरानंतर बांधलेली, तळमजला अधिक तीन मजले, लोड-बेअरिंग (कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर). मजल्यावर दोन याप्रमाणे आठ ब्लॉक. वरच्या सहापैकी दोन ब्लॉकमध्ये जुने भाडेकरू, बाकी रिकामे. वरचे उरलेले चार ब्लॉक स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर द्यायचे आणि तळमजल्यावर दोन ब्लॉकमधली भिंत पाडून सामायिक स्वयंपाकघर आणि अभ्यासिका करायची. बेत चांगला आहे. क्रम उलटा आहे.

सुरुवात मागच्या बोळातल्या सांडपाण्याच्या चेंबरपासून करा. सगळी झाकणं उघडा, वरच्या मजल्यावरून एकेका संडासात दोन-दोन बादल्या ओता आणि पाणी कुठल्या चेंबरला किती वेळाने येतं ते पाहा. त्या काळच्या इमारतीला बिडाचे पाइप असतात, सांध्यात शिसं भरलेलं. बाहेरून रंग दिलेला असतो म्हणून धड वाटतात. भिंतीकडची बाजू बोटाने चाचपा, तिथे गंजून पापुद्रे आलेले असतात. एका ब्लॉकमध्ये पूर्वी चार माणसं राहत होती आणि आता चार मुलं राहणार, म्हणजे भार तेवढाच, असा हिशोब करू नका. कुटुंबाचा वापर दिवसभर पसरलेला असतो. मुलं सगळी सकाळी साडेसहा ते आठमध्ये. पाइप तुंबतात ते याच दीड तासात.

सोळा मुलं आणि दोन कुटुंबांची आठ माणसं धरली तर चोवीस. माणशी १३५ लिटर धरून रोजचं ३,२४० लिटर पाणी. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेपुरतंच येणार, म्हणून जमिनीतली टाकी ५,००० लिटरची आणि गच्चीवर हजार-हजारच्या तीन. पाच हजारांची एकच टाकी गच्चीच्या मधोमध ठेवायची नाही. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि साठ वर्षांच्या चार-साडेचार इंची स्लॅबवर पाच टन एका जागी ठेवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. टाक्या नऊ इंची भिंतींच्या डोक्यावर, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यांवर, गर्डर टाकून.

मैल्याचा उभा पाइप ११० मिमी, नहाणी आणि मोरीचा ७५ मिमी. दोन्ही वेगळे. नहाणीचा पाइप खाली गल्ली ट्रॅपमध्ये (वास अडवायला तळाशी पाणी धरून ठेवणारा बाहेरचा खळगा) सोडायचा, मैल्याचा थेट चेंबरमध्ये. मैल्याचा पाइप गच्चीच्या वर किमान दोन मीटर न्यायचा आणि वर जाळीची टोपी. हे टोक बंद असेल तर वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या संडासाच्या भांड्यातलं पाणी ओढलं जातं, ट्रॅप कोरडा पडतो आणि सगळा ब्लॉक गटारासारखा वास मारतो. लोक मग फिनेल ओतत बसतात. नहाणी ट्रॅप ५० मिमी पाणी धरणाराच घ्या. आडव्या ११० मिमी पाइपला दहा फुटांना तीन इंच उतार.

आता पाइप भिंतीत की भिंतीवर. या विषयावर माझं आणि एका आर्किटेक्टचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

पेठेतलीच इमारत, तुमच्यासारखीच. आर्किटेक्टचं म्हणणं, उघडे पाइप दिसले की चाळ वाटते, मुलांचे आईवडील बघायला येतात, त्यांच्यावर छाप पडली पाहिजे. माझं म्हणणं, भाड्याच्या इमारतीत एकही पाइप भिंतीत गाडायचा नाही. मालकाला चकचकीत टाइल आवडली आणि पाइप गाडले गेले. दोन बाथरूममधल्या साडेचार इंची भिंतीत आडव्या झिऱ्या (पाइपसाठी चर) मारल्या. आता हिशोब बघा. विटांच्या भिंतीत आडवी झिरी जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल मारायची नाही, उभी एक तृतीयांशापर्यंत चालते. साडेचार इंच म्हणजे ११५ मिमी, त्याचा सहावा भाग १९. पाऊण इंची सीपीव्हीसी (नळाच्या पाण्याचा प्लास्टिक) पाइपचा बाहेरचा व्यासच २२ मिमी. म्हणजे नियमात बसणाऱ्या झिरीत तो पाइप मावतच नाही. दोन्ही बाजूंनी झिऱ्या आल्या आणि मधे बोटभर वीट उरली.

पाइप जोडून झाल्यावर दाबाची टेस्ट घ्यायची असते. सगळी टोकं बंद करून हातपंपाने सात किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्यायचा, दोन तास ठेवायचा, काटा हलला नाही पाहिजे. इथे टाइलवाला दारात उभा होता म्हणून नुसतं टाकीचं पाणी सोडून 'गळत नाही ना' एवढं बघितलं. टाकीचा दाब सगळ्यात वरच्या मजल्यावर एक किलोसुद्धा नसतो, त्यात काय कळणार? शॉवरच्या मागे पितळी आट्यांचा एल्बो (काटकोनी जोड) असतो. प्लंबरने त्यात भरमसाट टेफ्लॉन गुंडाळून पान्याने आवळला. प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली. ती पहिल्या दिवशी गळत नाही. गरम-थंड, गरम-थंड होत काही महिन्यांनी उघडते.

पाणी जिथे गळतं तिथे दिसलं असतं तर प्रश्नच नव्हता. ते विजेच्या पाइपात शिरलं, त्यातून स्लॅबमध्ये, आणि दोन मजले खाली जुन्या भाडेकरू आजींच्या स्वयंपाकघरात पंख्याच्या हुकातून टपकायला लागलं. आधी संशय गच्चीवर. मग वरच्या नहाणीवर. तीन बाथरूमच्या टाइल फोडल्या तेव्हा एल्बो सापडला. एल्बोची किंमत काहीच नाही, पण ती टाइल बाजारात मिळेना, म्हणून तिन्ही बाथरूम आज दोन रंगांची आहेत. आईवडिलांवर काय छाप पडत असेल ती पडो. आर्किटेक्टचं आजही म्हणणं आहे की दोष प्लंबरचा. असेल. पण प्लंबर चुकतोच हे गृहीत धरून जे काम आखतात त्याला मी डिझाइन म्हणतो.

तेव्हा तुम्ही असं करा. पाणी वर नेणारे आणि खाली आणणारे पाइप मागच्या भिंतीवर किंवा डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत), भिंतीपासून एक इंच सुटे, दर तीन फुटांना क्लॅम्प. उन्हात सीपीव्हीसी ठिसूळ होतो, त्याला पाण्याचा ॲक्रिलिक रंग द्या. प्रत्येक ब्लॉकचा स्टॉप कॉक (पाणी बंद करायची चावी) ब्लॉकच्या बाहेर, पॅसेजमध्ये, हात पोचेल असा. मुलगा सुट्टीला गावी गेला, खोलीला कुलूप, आत तोटी वाहतेय, ही वेळ येणारच आहे. बाथरूमच्या आत पाइप टाइलवरूनच फिरवा. स्टीलच्या क्लॅम्पमध्ये सरळ रेषेत बसवलेला पाइप अजिबात वाईट दिसत नाही.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग जुन्या फरशीवर नवी फरशी टाकून होत नाही. फरशी, कोबा, सगळं काढून मूळ स्लॅबपर्यंत जायचं. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवायचा. ट्रॅप आणि पाइप आधी बसवून त्यांच्याभोवती नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आक्रसणारा मसाला) भरायचा, कारण बहुतेक गळती पाइप स्लॅबमधून जातो त्या भोकाशीच असतात. भिंत आणि जमीन मिळते तिथे मसाल्याचा वाटा (गोलसर कोपरा) काढायचा. मग ॲक्रिलिक पॉलिमर आणि सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून चार इंच पाणी कोंडायचं आणि ७२ तास खालच्या छताकडे बघत राहायचं. खाली कोरडं राहिलं तरच पुढचा कोबा. भरावाला विटांचे स्वच्छ तुकडे, राडारोडा अजिबात नाही. उतार चार फुटांना अर्धा इंच, ट्रॅपकडे. उंबऱ्याकडे नाही, हे गवंड्याला दोनदा सांगा.

छताचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील तर तिथे गिलावा थापू नका. हातोडीने ठोकून बघा, भद्द आवाज येतो तेवढा सगळा भाग काढा, सळीच्या मागेसुद्धा पाऊण इंच मोकळं करा. गंज घासून गंजरोधक लावा, मग जुनं-नवं धरून ठेवणाऱ्या बाँडिंगचा हात, मग पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १०-१२ मिमीच. सळी पाव भागाहून जास्त खाल्ली गेली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते आणि ते ठरवणं इंजिनिअरचं काम. खाली टेकू लावल्याशिवाय फोडायला घेऊ नका.

तळमजल्यावरची भिंत. त्या भिंतीवर वरचे तीन मजले बसलेले आहेत. माझा सल्ला, हॉल करायच्या नादाला लागू नका. चार फुटांची उघडी कमान पुरते. तीसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा आणि महापालिकेची परवानगी हातात आल्यावर. आधी दोन्ही बाजूंना वरच्या स्लॅबला टेकू. दोन्ही टोकांना गर्डर बसेल तिथे काँक्रीटचे बेड ब्लॉक (टेकण्याचे ठोकळे). मग भिंतीच्या एका बाजूने अर्धी जाडी कापून पहिला चॅनल (गर्डरचा लोखंडी अर्धा भाग) सरकवायचा, वरची फट कोरड्या कडक मसाल्याने ठासून भरायची, सात दिवस थांबायचं. मग दुसऱ्या बाजूने दुसरा चॅनल, तशीच फट भरायची, दोन्ही बोल्टने आवळायचे, पुन्हा सात दिवस. त्यानंतरच खालची वीट काढायची. ठेकेदार म्हणेल 'दोन दिवसांत करून देतो साहेब'. त्याला चहा पाजून परत पाठवा.

शिवाय स्वयंपाकघर आणि अभ्यासिका वेगळी राहिलेली बरी. कुकरच्या शिट्टीत राज्यघटना पाठ होत नाही. स्वयंपाकघरात सिलिंडर ठेवणार असाल तर जमिनीलगत जाळी हवी, गॅस हवेपेक्षा जड असतो, वरच्या एक्झॉस्टने तो जात नाही. इंडक्शन देणार असाल तर प्रत्येकी २ किलोवॉट म्हणजे साधारण ९ अँपिअर, चार शेगड्या एका वायरवर चालणार नाहीत. प्रत्येकीला स्वतंत्र सर्किट, आणि प्रत्येक ब्लॉकला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग नव्याने करा, जुनं आहे असं समजूच नका. पॅसेजचे दिवे, पंप आणि वायफायला वेगळा मीटर, नाहीतर बिलावरून दर महिन्याला महाभारत.

जुन्या दोन भाडेकरूंना अडथळा समजू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे इमारत राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे (कलम १४). पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पेठेतलं जुनं भाडं बघता त्यात एक तोटीही येत नाही, ते सोडा. पण कामाच्या निमित्ताने त्यांचं पाणी किंवा वीज विनाकारण तोडलीत तर कलम २९ लागतं. म्हणून काम उभ्या पट्ट्यात करा: डावीकडचे चारही मजल्यांचे संडास एका वेळी, उजवीकडचे चालू. ते संपून पाण्याची टेस्ट झाली की मगच उजवीकडे हात घाला. त्या काळात कोण कुणाचा संडास वापरणार ते कागदावर लिहून सह्या घ्या. मुलांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे, नोंदणीकृतच. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते.

सामायिक राहण्याबद्दल तुम्ही विचारलंत की मुलांनी आळीपाळीने सफाई करावी का. नको. ते वेळापत्रक पहिल्या परीक्षेपर्यंत चालतं. संडास-बाथरूमला रोज एक माणूस लावा आणि तो खर्च भाड्यात धरा. वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर ठेवू नका, तळमजल्यावर मागे, ७५ मिमीच्या ट्रॅपजवळ. गच्चीवर प्रत्येक ब्लॉकची दोरी वेगळी, जुन्या भाडेकरूंची जिथे होती तिथेच राहू द्या. इमारतीतली निम्मी भांडणं कपडे आणि चपलांवरून होतात.

खर्चाचं: चौरस फुटाचा दर मी सांगणार नाही. चेंबर आणि स्लॅब उघडल्याशिवाय दर सांगणारा माणूस मागाहून एक्स्ट्रा लावणारच. हाती असलेल्या पैशातला निम्मा पाणी, सांडपाणी आणि स्लॅबसाठी बाजूला काढा, उरलेल्यात वीज, टाइल, रंग बसतात का बघा. नाही बसले तर रंग पुढच्या वर्षी.

हे सगळं लोड-बेअरिंगसाठी. इमारत आरसीसी फ्रेमची निघाली (जिन्याजवळ गिलावा काढून कॉलम आहेत का बघा) तर भिंतीचा भाग सोपा होतो, स्लॅबचा तितकाच राहतो. आणि हेच मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत करायचं असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून सुरुवात, तो वेगळाच विषय.

एवढं वाचूनही तुमच्या आर्किटेक्टने पाइप भिंतीत घालायला लावलेच, तर टाइल लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मेजर टेप लावून फोटो काढा, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती हे आकडे फोटोत दिसले पाहिजेत. सात किलोच्या टेस्टच्या वेळी त्यांना स्वतः हजर राहायला सांगा. आणि त्या टाइलच्या दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, बिल त्यांच्या फीमधून.